शून्य कुठं धरलंय?

थेरगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी बरीच वर्षं सीएमएम चालवलं. सीएमएम म्हणजे प्रोबच्या टोकानं जॉबला शिवून मायक्रॉनमध्ये मापं सांगणारं मशीन. एकदा चाकणहून अख्खा लॉट परत आला. शेरा असा, की सगळी होलं एकाच बाजूला 0.4 मिलिमीटर सरकलीत. आम्ही पुन्हा मोजली, तर जागच्या जागी. दीड दिवस नुसती फोनाफोनी. शेवटी आमच्या म्हाताऱ्या फोरमननं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, “अरे, शून्य कुठं धरलंय?” आम्ही धरलं होतं मधल्या बोअरला, त्यांनी कडेच्या फेसला. माप कुणाचंच चुकलं नव्हतं!

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान 3 चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला. पुढं त्याच्या जागेचे आकडे आले: 69.373 अंश दक्षिण, 32.319 अंश पूर्व. पोरं पेढे वाटत होती आणि माझ्या डोक्यात आलं, हे मोजलंय कुठून?

चंद्रावर शून्य धरायच्या दोन रीती आहेत. नकाशेवाले चंद्राचा फिरण्याचा आस आणि पृथ्वीकडे सरासरी रोखलेली दिशा धरतात. कक्षेचं आणि गुरुत्वाकर्षणाचं गणित करणारे चंद्राच्या वस्तुमानाच्या वाटणीवरून निघणारे अक्ष धरतात. चंद्र आतून काही सारखा भरलेला नाही, त्यामुळं दोन्ही जुळत नाहीत. पृष्ठभागावर फरक पडतो सुमारे 860 मीटर. थेरगावात एवढ्यात गल्लीच काय, वॉर्ड बदलतो. चांद्रयान 2 ला उतरायला 500 मीटर बाय 500 मीटरचा चौकोन आखला होता. अक्षांची अशी अदलाबदल झाली असती, तर यान नेमकं उतरूनही चौकोनाबाहेरच. (ते कोसळलं ते वेगळ्या कारणानं, उगाच अर्थ काढू नका.)

दशांशाचीही एक गंमत आहे. चंद्रावर अक्षांशाचा एक अंश साधारण 30 किलोमीटरचा, म्हणजे तिसरा दशांश 30 मीटरचा. पण विक्रमच्या जागी, ध्रुवाकडं, रेखांश आक्रसतात. तिथं रेखांशाचा तिसरा दशांश जेमतेम 11 मीटरचा. आकडे दिसायला सारखे, बारकावा जवळपास तिपटीनं वेगळा.

आणि जागाच चुकीची धरली तर? सोव्हिएत रशियाची लुनोखोद 1 ही गाडी 1970 साली चंद्रावर उतरली. तिच्यावर लेसर परतवणारा आरसा होता, पण जवळपास 40 वर्षं तो कुणाला सापडेना. 2010 मध्ये नासाच्या एलआरओ यानाच्या फोटोत गाडी दिसली, तेव्हा कळलं की शोध कित्येक मैल बाजूला चालला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेसर मारला आणि तो परत आला.

विक्रमवरही नासानं दिलेला असाच एक आरसा आहे. जेमतेम 5 सेंटीमीटर रुंद, आठ लोलकांचा. 12 डिसेंबर 2023 ला एलआरओनं सुमारे 100 किलोमीटरवरून त्यावर लेसर टाकला आणि उजेड परतला. मोजणीदाराच्या भाषेत दक्षिण ध्रुवाकडं हद्दीचा दगड रोवला गेला. विक्रम सप्टेंबरात झोपला तो उठलाच नाही, पण या आरशाला बॅटरी लागत नाही.