गाडी ओढत नाही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिकअप कमी झाला की सल्ले चहूकडून येतात: फिल्टर बदल, टर्बो गेला असेल, महागडं पेट्रोल टाक. सगळे सल्ले पार्टचे. पिकअप नेमका कधी जातो, चढावर, गाडी गरम झाल्यावर की फक्त वरच्या आरपीएमला, हे कुणी विचारत नाही. निदान मात्र तिथूनच सुरू होतं.

ताकद इंजिनाचीच गेली, हा पहिला गैरसमज. मॅन्युअल गाडी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये ५०च्या वेगाने चालवा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा भर्रकन चढला पण वेग तिथेच राहिला, तर इंजिन ठणठणीत आहे, क्लच प्लेट सरकतेय. ब्रेक चिकटत असेल तरीही गाडी जड वाटते. गाडी थांबवल्यावर एकाच चाकाजवळ जास्त झळ लागत असेल, तर तो ब्रेक तपासून घ्या. रिमला हात लावू नका, भाजेल.

‘स्कॅनरने टर्बो दाखवला’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. पी०२९९ या कोडचा अर्थ इतकाच, की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी भरतोय. का, ते कोड सांगत नाही. दाब गळण्याच्या वाटा पुष्कळ: फाटलेला इंटरकूलर होज, ढिली क्लिप, अॅक्च्युएटरकडे जाणारा चिरलेला व्हॅक्यूम पाइप. होजची चीर गाडी उभी असताना दिसतही नाही, कारण तेव्हा आत दाबच नसतो. चढावर लोड आला की ती उघडते, फुस्स आवाज येतो आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते. मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र त्या मापानेच पडतं. होजच्या खालच्या बाजूने हात फिरवा. तेलाचा काळा, ओलसर पट्टा ताजा असेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा. होज बदलून भागणार असेल तर टर्बोचे हजारो रुपये वाचतात.

चढावर एकाएकी दम गेला आणि चावी फिरवून पुन्हा चालू केल्यावर गाडी सुरळीत झाली, म्हणजे दुरुस्त झाली असं नाही. दोष दिसल्यावर इंजिन वाचवायला कंप्युटरने मुद्दाम ताकद कापली होती. यालाच लिंप मोड म्हणतात. मूळ दोष तसाच असतो. ‘बॅटरीची वायर काढून लाव’ हा सल्ला तर पुरावा पुसणारा. कोड जातो आणि दोषाच्या क्षणी आरपीएम, तापमान, लोड किती होता, ही फ्रीझ फ्रेमची नोंदही जाऊ शकते. मेकॅनिकला तीच हवी असते.

एअर फिल्टर तुंबला की पिकअप कमी होतो, हे खरं. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याने मायलेज फारसं पडत नाही. कंप्युटर हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो.

महाग पेट्रोलचं म्हणाल, तर जास्त ऑक्टेनचं टाकल्याने जास्तीची ऊर्जा मिळत नाही. ऑक्टेन म्हणजे ‘नॉकिंग’ टाळण्याची क्षमता. गाडी ९१ ऑक्टेनसाठी बनलेली असेल तर गेलेला पिकअप त्याने परत येत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणून इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलवर मायलेज थोडं घटतं. पण गाडी अचानक दमली, तर खापर ई२० वर फोडून गप्प बसू नका.

आणि कधीकधी बिघाड नसतोच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन पसरणीचा घाट चढणारी छोटी पेट्रोल गाडी कुरकुरणारच.

डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला की ‘हायवेवर पळव’ म्हणतात. ते अर्धंच खरं. काजळी जळते, राख नाही. इंजेक्टर खराब असेल तर डीपीएफ पुन्हा भरतो.

पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला इतकंच विचारा: कोड कोणता, आणि हाच पार्ट दोषी आहे हे तपासलं कसं? चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र विचारत बसू नका. ते सहसा मिसफायरचं लक्षण असतं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, म्हणून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि टो करून न्या.