दहा लावा, तीन टाळा: खिडकीतली मेंदूबाग

संत्र्याच्या फुलांतल्या मकरंदात कॅफीन असतं. तुळशीतल्या एका द्रव्याने मासे गुंगतात. लाजाळूच्या झाडाला ऑपरेशन थिएटरमधली भूल चढते. आणि मासळीवालीच्या पाटीभोवती घुटमळणारं मांजर ज्या तणाच्या मुळापाशी लोळण घेतं, ते तण कदाचित तुमच्याच कुंडीत उगवलेलं असतं!

झोप, वेदना, तरतरी, स्मरण यांच्याशी नातं असलेल्या वनस्पती शोधायला जंगल तुडवावं लागत नाही. मुंबईतल्या शीव कोळीवाड्यातल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये मावतील आणि पहिल्यांदाच माती हातात घेणाऱ्यालाही जमतील अशी दहा झाडं इथे आहेत. कुंडी नसली तरी चालेल. मासळी बर्फात ज्या थर्माकोलच्या खोक्यातून येते तो खोका धुऊन घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा, निम्मी माती आणि निम्मं शेणखत व कोकोपीट भरा. बाग तयार!

1. तुळस: दाताच्या दवाखान्याचा वास

तुळशीत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. लवंगेच्या तेलातही मुख्यतः तेच. दंतवैद्याकडे गेल्यावर नाकाला जाणवणारा तो ओळखीचा वास याच युजेनॉलचा, कारण ते दुखरी नस बधिर करतं. मत्स्यशास्त्रज्ञ तर मासे मोजताना किंवा हाताळताना ते तडफडू नयेत म्हणून पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकून त्यांना गुंगी आणतात.

मुंबईची आणखी एक गोष्ट. राणीच्या बागेच्या जडणघडणीशी संबंध असलेले जॉर्ज बर्डवूड यांनी 1903 साली लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं होतं. बाग उभारताना मजूर डासांनी हैराण झाले, तेव्हा तिथल्या हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्याने कडेने तुळस लावली आणि डासांचा त्रास हटला, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं.

*लावायचं कसं:* वाळलेल्या मंजिऱ्या चुरून मातीवर भुरभुरा. मंजिरी आली की खुडत राहा, झाड दाट होतं.

2. पानओवा: ओव्याचा वास, तुळशीचं घराणं

देशभरच्या हॉटेलांत पोचलेल्या ‘प्रॉन्स कोळीवाडा’चं मूळ आपल्याच भागातलं. फाळणीनंतर इथल्या छावणीत आलेल्या पंजाबी कुटुंबांच्या खाणावळींत ती तळलेली कोळंबी नावारूपाला आली. तिच्या बेसनात ओवा हवाच. तसाच दरवळ पानओव्याच्या जाड, लवदार पानालाही येतो. गंमत अशी की दोघांचं काहीच नातं नाही. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, तर पानओवा तुळशीच्या. पण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही सुगंधी द्रव्यं दोन्ही कुळांनी स्वतंत्रपणे तयार केली.

*लावायचं कसं:* बोटभर फांदी मोडा, मातीत खोचा. नवख्यांसाठी यापेक्षा सोपं झाड नाही. पानांची भजी करा, आजी खूश!

3. नागवेल: मिऱ्याची सख्खी बहीण

विड्याचं पान आणि काळी मिरी एकाच प्रजातिगटातली, म्हणून दोन्ही वेलींची पानं पाहताना फसायला होतं. साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत पानाशिवाय आपलं पान हलत नाही. मात्र विड्याची खरी ‘किक’ पानात नसते, सुपारीत असते. सुपारीतलं अरेकोलीन मेंदूला चेतवतं आणि त्याचीच चटक लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तेव्हा वेल जरूर लावा, आणि विडा गुलकंद, बडीशेप, खोबरं घालून सुपारीशिवाय लावा.

*लावायचं कसं:* दोन-तीन पेरांचा तुकडा ओलसर मातीत, सावलीत. कडक ऊन हिला सोसत नाही. आपली दमट हवा मात्र तिला मनापासून मानवते.

4. मिरची: आग नसताना आगीची वर्दी

तिखट ही चव नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या अशा ग्राहकाला चिकटतं, जो एरवी साधारण 43 अंशांपलीकडच्या उष्णतेलाच जागा होतो. मेंदूला वाटतं, तोंड भाजलं! मग तो घाम फोडतो, नाक वाहतं करतो आणि वेदना शमवायला एंडॉर्फिन सोडतो. कोळी मसाल्यातलं झणझणीत कालवण ओरपल्यावर येणारं ते सुख बऱ्याच अंशी याच एंडॉर्फिनचं. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या वैद्यकशास्त्रातल्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

पक्ष्यांना मिरची अजिबात झोंबत नाही. ते ती मजेत खातात आणि बिया दूरवर टाकतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणण्याआधी आपल्याकडे मिरचीच नव्हती, हे कोळीवाड्यात सांगितलं तर कुणाला पटेल?

*लावायचं कसं:* डब्यातल्या सुक्या मिरचीचं बी पेरून पाहा. पानं आकसली, वाटीसारखी वळली तर तो चुरडा-मुरडा. रोगट शेंडे काढा आणि कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवारा.

5. पुदिना: आरशातली जुळी

बाजारातल्या हिरव्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा. आता बाळंतिणीला देतात ती बाळंतशोप हुंगा. तिच्या तेलातही कार्व्होनच! रेणू तेच, अणू तेच, फक्त रचना उजव्या-डाव्या हातासारखी एकमेकीची आरशातली प्रतिमा. आपल्या नाकाला हा फरक कळतो आणि एकच द्रव्य एकदा पुदिना होऊन येतं, एकदा बाळंतशोप होऊन.

*लावायचं कसं:* चटणीसाठी पानं खुडली की उरलेल्या काड्या पाण्यात ठेवा. पांढरी मुळं फुटली की खोक्यात लावा. पुदिना आडवा पसरतो, म्हणून उथळ पण रुंद खोका बरा. बाळंतशोप हे सोव्याचं, म्हणजे शेपूच्याच जातीचं बी. तेही शेजारी पेरा.

6. लिंबू: मधमाशीची कॉफी

माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी फिल्टर कॉफी प्यायला आपण जातो. मधमाशीला ती फुलातच मिळते. कॉफी आणि संत्रं-पपनस कुळातल्या फुलांच्या मकरंदात किंचित कॅफीन असतं. 2013 मध्ये जेराल्डिन राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नुसता गोड पाक चाखलेल्या मधमाश्यांच्या तुलनेत कॅफीन मिसळलेला पाक चाखलेल्या तिप्पट माश्यांना दुसऱ्या दिवशीही त्या फुलाचा वास आठवत होता. झाड पाहुण्याची स्मृती पक्की करतं, म्हणजे पाहुणा परत येतो.

आपलं लिंबू याच कुळातलं. फुलं आली की माश्यांची ये-जा बघत बसावी.

*लावायचं कसं:* बियांपासून फळाला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून कलम आणा. बारा इंची कुंडी आणि दिवसाला पाच-सहा तास ऊन द्या. खिडकीत ऊन येत नसेल तर त्याऐवजी गवती चहाचा एक ठोंब लावा. नावात चहा असला तरी त्यात कॅफीन नसतं. पावसात भिजून आलेल्यांसाठी आल्यासोबत दोन पाती पुरेशी.

7. ब्राह्मी: नाव एक, झाडं दोन

रोपवाटिकेत ‘ब्राह्मी द्या’ म्हटलं तर दोनपैकी काहीही हाती पडू शकतं. बारीक, मांसल पानांची आणि पांढरट-जांभळट फुलांची ती जलब्राह्मी. गोलसर, बेडकाच्या पावलासारख्या पानांची ती मंडूकपर्णी. दोन्हींना बुद्धिवर्धक म्हणतात, पण कुळं वेगळी. जलब्राह्मीतल्या बॅकोसाइड द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बरंच काम झालं. माणसांवरच्या चाचण्यांत जो थोडा फायदा दिसला तो साधारण बारा आठवडे रोज घेतल्यानंतर. परीक्षेच्या आदल्या रात्री चमचाभर रस पाजून मार्क वाढत नाहीत!

खाडीच्या कुशीतल्या वस्तीला आवडेल अशी गोष्ट: जलब्राह्मी किंचित खाऱ्या पाण्यातही तग धरते आणि हौशी लोक ती माशांच्या काचेच्या टाकीतसुद्धा लावतात.

*लावायचं कसं:* हिच्या खोक्याला भोकं पाडू नका. चिखल कायम ओला ठेवा, पण पाणी साचून डास होऊ देऊ नका.

8. वेखंड: लावा, चोळा, पण खाऊ नका

तान्ह्याला न्हाऊ घातल्यावर टाळूला आणि अंगाला वेखंडाची पूड लावण्याची आपली रीत. कपाटात गाठोड्यांतही वेखंड, कसर लागू नये म्हणून. झाड तलवारीसारख्या पात्यांचं, पान चुरडलं तरी घमघमणारं. त्यातलं बीटा-असारोन उंदरांमध्ये गाठी निर्माण करतं असं आढळल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाण्यात वेखंड वापरायला बंदी घातली. बाळगुटीत ते उगाळण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

*लावायचं कसं:* गाठीचा तुकडा ओल्या खोक्यात, ब्राह्मीशेजारी. जोडी छान जमते.

9. अश्वगंधा: टोमॅटोची शांत नातेवाईक

टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, तंबाखू आणि अश्वगंधा, सगळे एकाच घराण्यातले. वांग्यातही निकोटीनचा अगदी नगण्य अंश सापडतो. अश्वगंधेची मुळं ताण आणि निद्रानाशासाठी आयुर्वेदात पूर्वापार वापरात आहेत. पण काहींच्या यकृताला तिने इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडची औषधं घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

झाड म्हणून मात्र ती देखणी. कागदी कंदिलातल्या मण्यासारखी लाल फळं धरते.

*लावायचं कसं:* पाऊस ओसरताना, रेताड मातीत, उन्हात. साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात.

10. लाजाळू: भूल चढणारं झाड

वरची सगळी झाडं प्राण्यांच्या नसांवर काम करतात. इथे उलटं आहे. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लाजाळूला ईथरच्या वाफेत ठेवलं. स्पर्श केला तरी पानं मिटेनात! वाफ गेल्यावर झाड पूर्ववत झालं. नस नाही, मेंदू नाही, तरी भूल चढते आणि उतरते. मुलांना विज्ञान शिकवायला याहून चांगली कुंडी नाही.

*लावायचं कसं:* बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पेरा. सारखं हात लावू नका, प्रत्येक मिटण्याला झाडाची ताकद खर्च होते.

आणि एक न लावता उगवणारं: खोकली

पावसाळ्यात प्रत्येक कुंडीत आगंतुक उगवणारं, शेंड्याला हिरव्या वाट्यांची माळ असलेलं तण म्हणजे खोकली, काही जण कुप्पी म्हणतात. उपटून मुळं मांजरापुढे ठेवा. ते अंग घासतं, लोळतं, लाळ गाळतं. परदेशात मांजरांसाठी कॅटनिप विकत आणतात, आपल्याकडे ते फुकट उगवतं.

आता टाळायची तीन

धोतरा. महाशिवरात्रीला दादरच्या फुलबाजारात दिसतो, रुळांकडेलाही वाढतो. अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिनमुळे तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमिष्ट होतो आणि मृत्यूही येऊ शकतो. त्याच द्रव्यांचा वैद्यकातला इतिहास मात्र थोर आहे. 1804 मध्ये जपानच्या हानाओका सेइश्यू यांनी धोतरा असलेलं मिश्रण देऊन पूर्ण भुलेखाली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. आज शेतात कीटकनाशकाची विषबाधा झालेल्याला अ‍ॅट्रोपिनच वाचवतं. मोजलेली मात्रा डॉक्टरांच्या हाती औषध आहे. झाडातलं प्रमाण पानागणिक बदलतं, आणि तिथेच घात होतो. मुलं असलेल्या घरात धोतरा नकोच.

भांग. होळीची थंडाई कितीही परंपरेची असो, परवान्याशिवाय भांगेचं रोप लावणं हा 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

खसखस. अनारशावरची खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. खाणं कायदेशीर, कुंडीत पेरणं बेकायदेशीर. अफूची शेती केंद्र सरकारच्या परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच होते. एकोणिसाव्या शतकात मात्र याच मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबरच त्या व्यापाराचाही मोठा वाटा होता, आणि त्यांच्या दानातून 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं.

लावण्याआधी एवढं करा

प्रत्येक खोक्यावर झाडाचं नाव ठळक लिहून ठेवा. नाव ठाऊक नसलेलं पान तोंडात टाकू नका, शेजाऱ्याने दिलेलं असलं तरी. रोजची गोळी चालू असेल तर कोणताही काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. शीवमध्येच आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे, तिथे वैद्यांना झाड दाखवून विचारा. राणीच्या बागेत हिवाळ्याच्या अखेरीस महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे नावांच्या पाट्या वाचत फिरा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा. कोणतं पान पोटदुखीला, कोणतं टाळूला, कोणतं नुसतं चोळायचं आणि कोणतं चुकूनही खायचं नाही, हे त्यांना पाठ असतं. हे ज्ञान लिहून ठेवलेलं नाही, म्हणून आजच विचारा.

सुरुवात कुठून करायची? पानओव्याची एक फांदी मागून आणा. ती जगली की उरलेली नऊ आपोआप येतील.