कांजीतली गुठळी, व्यापाऱ्याचा घाटा

ताण्याच्या सुताला कांजी लावणे हे सायझिंगवाल्याचे काम, व्यापाऱ्याने त्यात डोके घालू नये, असा आपल्या यंत्रमाग धंद्यात समज आहे. आम्हीही तसेच मानत होतो. मग एका खेपेला पॉलिएस्टर-कॉटनचे आमचे ताके रंगाईहून डागाळून आले आणि दर निम्मा मिळाला. चौकशी केली तेव्हा कळले, पीव्हीएची भुकटी थेट उकळत्या पाण्यात ओतली होती.

पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. ते १९२४ साली जर्मनीत प्रथम तयार झाले. त्याचे रेणू लांब साखळीसारखे असतात. पाणी शिरले की ते आधी फुगतात, मग सुटे होऊन विरघळतात. एकदम गरम पाण्यात पडलेल्या भुकटीचा वरचा थर झटकन फुगून चिकट होतो, आतली भुकटी कोरडीच राहते. हीच गुठळी. ती सुतावर बसली की धुलाईत नीट निघत नाही आणि तिथे रंग सारखा चढत नाही.

म्हणून भुकटी थंड पाण्यात ढवळत सोडावी, मग तापवावे. ८८ टक्के हायड्रोलिसिसची जात कमी उष्णतेत विरघळते. ९८ टक्क्यांवरची जात ९० अंशांपुढे तापवावी लागते. बोरॅक्स मिसळला तर साखळ्या एकमेकींत अडकतात आणि कांजीची जेली होते.

बंधूंनो, पोत्यावरची जात वाचा, सायझिंगवाल्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारल्याचा घाटा मात्र आपल्याच वहीत लिहिला जातो.