पडदा रुसला म्हणजे

घरातला दिवा लागला नाही म्हणजे आपण लगेच वायरमनला बोलावत नाही. आधी बटण पाहतो, मग बल्ब, मग फ्यूज. शेजारी तरी वीज आहे का, हे खिडकीतून डोकावून पाहतो. हा क्रम कोणी शाळेत शिकवलेला नसतो. वीज कोणत्या वाटेने येते हे ठाऊक असते, म्हणून तो सुचतो. संगणकाचा पडदा बिघडला की मात्र तोच माणूस हतबल होतो, कारण चित्र कोणत्या वाटेने येते हे त्याला माहीत नसते. ती वाट सांगावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

हा प्रश्न आज अनेकांच्या दाराशी आला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली. पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे पुष्कळ चांगले संगणक त्यामुळे अडगळीच्या वाटेला लागले. अशा यंत्रांवर लिनक्स बसवता येते. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. तिची घडण कोणालाही उघडून पाहता येते. पण ती बसवल्यावर कधी कधी अक्षरे पुसट दिसतात, वर्तुळ लंबवर्तुळ होते, आणि घरची मंडळी निकाल देऊन टाकतात, “फुकटचे ते फुकटचेच!” हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, आणि त्यापायी धडधाकट यंत्र भंगारात जाते.

आता चित्राची वाट पाहू. तिच्यावर चार ठाणी आहेत: मॉनिटर, केबल, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि खिडक्या रेखाटणारी व्यवस्था. चित्र संगणकाकडून मॉनिटरकडे जाते हे सर्वांना दिसते. पण त्याआधी मॉनिटरकडून संगणकाकडे एक चिठ्ठी येते, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. “मी अमुक कंपनीचा, माझे ठिपके आडवे १९२०, उभे १०८०, इतक्या वेगाने मला चित्र द्या,” असा तिचा मजकूर. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा नमुना १९९४ साली ठरला. मूळ चिठ्ठी अवघ्या १२८ बाइटांची. त्या सर्वांची बेरीज केली आणि २५६ ने भागले, तर बाकी शून्य उरली पाहिजे. न उरल्यास चिठ्ठी वाटेत फाटली असे समजावे.

ही चिठ्ठी केबलमधल्या वेगळ्या तारांवरून येते. जुन्या व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ वी आणि १५ वी या कामाच्या. स्वस्त केबलमध्ये त्या कधी कधी जोडलेल्याच नसतात. सभागृहातील प्रोजेक्टरपर्यंत लांब केबल आणि मध्ये एक चित्र दोघांना वाटून देणारी डबी असेल, तर तिथेही चिठ्ठी अडकते. रंगांच्या तारा शाबूत असतात, म्हणून चित्र दिसते. पण संगणक पाहुण्याची ओळख न पटलेल्या यजमानासारखा बेताने वागतो. चिठ्ठी नसेल तर कर्नल १०२४ × ७६८ च्या पुढे सहसा जात नाही. हा सावधपणा अकारण नाही. १९९० च्या दशकात काचेच्या नळीचे मॉनिटर होते, आणि भलत्या वेगाचा संकेत दिल्यास त्यांतले काही बिघडत. आता ते १०२४ ठिपके १९२० च्या जागेत पसरले, म्हणजे एकाच्या वाट्याला पावणेदोनहून थोडे अधिक आले. उभ्या दिशेने तेच प्रमाण दीडपटीहूनही कमी. अक्षर पुसट का आणि वर्तुळ चपटे का, याचे उत्तर या भागाकारात आहे.

मग शोध कसा घ्यावा? पडदा पूर्ण काळा असेल, तर प्रथम मॉनिटरचे स्वतःचे बटण दाबावे. त्याची यादी दिसली तर मॉनिटर जिवंत आहे. सुरुवातीची अक्षरे दिसून मग काळोख होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. संगणक सुरू होताना ‘नोमोडसेट’ हा शब्द कर्नलला दिला, तर बहुधा साधे चित्र मिळते. ती कुबडी आहे. तिच्या आधाराने योग्य ड्रायव्हर बसवावा आणि ती टाकून द्यावी.

चित्र आहे पण पुसट आहे, तर टर्मिनल उघडून एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा अक्षरे लहान लिपीत टंकावीत. कोणत्या खोबणीला काय जोडले आहे आणि त्याला कोणती मापे चालतात, याची यादी मिळते. यादी १०२४ वरच थांबली तर चिठ्ठी पोचलेली नाही. मधली डबी काढावी, दुसरी केबल लावावी. बहुतेक रोग इथेच बरा होतो.

केबल बदलता येत नसेल, तर माप हाताने सांगता येते. ‘सीव्हीटी’ ही आज्ञा त्याचे गणित करून देते. १९२० × १०८० साठी ती सेकंदाला १७.३ कोटी ठिपके मागते, कारण जुन्या नळीतला किरण परत फिरण्याची विश्रांती ती धरते. सपाट पडद्याला इतकी विश्रांती नको असते. साध्या डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६.५ कोटी, म्हणून तिथे आखूड विश्रांतीचे माप मागावे. ते १३.८५ कोटींत बसते.

एक सूचना राहिली. खिडक्या रेखाटण्याचे काम पूर्वी एक्स ही व्यवस्था करी. २००८ साली सुरू झालेल्या वेलँडने आता पुष्कळ ठिकाणी तिची जागा घेतली आहे. वेलँडमध्ये वरील सहा अक्षरांची आज्ञा यादी दाखवते, पण माप बदलत नाही. तिथे सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ या पानावरूनच बदल करावा. हे न कळल्यामुळे लोक तासन् तास बरोबर आज्ञा चुकीच्या दारी देत बसतात.

सारांश, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक ठाण्याला क्रमाने विचारावे. यंत्र भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी निदान एक केबल बदलून पाहिली, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.