साक्षीचे शिक्षण

‘हे म्हणणे खरे नाही की, मी आज न्यायालयासमोर खोटी साक्ष देत आहे.’ महाराष्ट्रातील तालुका न्यायालयांत साक्षीदाराची उलटतपासणी संपत आली, की बहुधा हे ठरावीक वाक्य नोंदवले जाते. बचावाच्या वकिलाने सुचवायचे, साक्षीदाराने नाकारायचे आणि टंकलेखकाने त्या नकाराला हे रूप द्यायचे, असा वहिवाटीचा शिरस्ता आहे. ‘खरे नाही’ आणि ‘खोटी’ यांच्या कचाट्यात सापडलेला खेडूत मान हलवतो आणि पिंजऱ्यातून उतरतो. आपण नेमके काय नाकारले, हे त्याला बाहेर चहाच्या टपरीवर कोणीतरी समजावून सांगते. कनिष्ठ न्यायालयांचा कारभार मराठीत चालावा, असा आदेश शासनाने १९९८ साली काढला. त्यामुळे भाषा जवळ आली खरी, परंतु प्रश्न विचारण्याची आणि प्रश्नाला सामोरे जाण्याची ही रीत सामान्य माणसाला परकीच राहिली.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हे अंतर अधिक जाणवते. बिबट्याने शेळी मारली की वनखात्याचा पंचनामा होतो, त्यावर गावातलेच दोघे पंच म्हणून सही करतात. पंचनामा हा शब्द येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. मात्र फौजदारी प्रकरणात अशीच सही केलेल्या पंचाला पुढे कधीतरी जुन्नरच्या वा घोडेगावच्या न्यायालयात उभे राहून, आपण प्रत्यक्ष काय पाहिले आणि कागदावर काय आधीच लिहिलेले होते, याचा हिशेब द्यावा लागतो, ही कल्पना सही करताना फार थोड्यांना असते. गुन्हा गंभीर असेल तर सत्र खटल्यासाठी राजगुरुनगर गाठावे लागत आले आहे. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरी गावातून निघालेल्या साक्षीदाराचा एक दिवस प्रवासात आणि दुसरा ‘पुढची तारीख’ ऐकण्यात जातो.

शाळा याबाबत काय शिकवते? आठवीच्या नागरिकशास्त्रात ‘भारतातील न्यायव्यवस्था’ हा पाठ आहे. सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंतची उतरंड त्यात मिळते. ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाच्या निमित्ताने शाळाशाळांतून व्याख्यानेही होतात. वक्ते हक्क सांगतात, मुले टाळ्या वाजवतात, आभारप्रदर्शन होते. यात गैर काही नाही. पण पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी कुकडीत उडी घेत नाही.

न्यायालय परके राहिले की काय घडते, याचा धडा याच मुलखाने दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकात सावकार कर्जरोखे घेऊन दिवाणी न्यायालयात जात. वाचता न येणारा, समन्सने गांगरलेला कुणबी वा कोळी तेथे फिरकत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. रोख्यावरील आकडा कसा फुगला, हा साधा प्रश्न विचारणारे तेथे कोणी नव्हते. आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगल्याने १८७३ च्या सुमारास टोळी उभारली आणि सावकारांची नाके कापली जाऊ लागली. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले होते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयालाच रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचे बंधन घातले. ज्या प्रश्नासाठी नाके कापली गेली, तो प्रश्न विचारणे अखेर न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले.

तेव्हा नववी-दहावीच्या मुलांना फौजदारी कायदा शिकवायचा तो कलमांच्या पाठांतराने नव्हे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि कलमांचे आकडे बदलले. जुने पाठ केलेल्या वकिलांचीही त्यामुळे तारांबळ उडाली. साक्ष तपासण्याची रीत मात्र तीच आहे: सरतपासणी, उलटतपासणी, फेरतपासणी. वर्गात उभे करायचे ते हेच.

समजा, घोड नदीच्या काठावरून पाण्याची मोटर चोरीला गेली. एक मुलगा फिर्यादी शेतकरी, एक आरोपी मजूर, एक शेजारी साक्षीदार, दोघे पंच. साक्षीदार सांगतो, ‘रात्री अकराला मी त्याला मोटर नेताना पाहिले.’ सरतपासणीत ‘तो हाच ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न साधारणतः विचारता येत नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळते, कारण प्रत्येकाच्या तोंडी तोच प्रश्न आधी येतो. मग उलटतपासणी. रात्र अंधारी होती की चांदणी? वीज होती काय? अंतर किती? डोक्यावर घोंगडे असताना चेहरा कसा ओळखला? पाच अश्वशक्तीची मोटर एकट्याने खांद्यावरून नेता येते काय? त्याच रात्री मालकाला का उठवले नाही? हळूहळू उलगडते, की साक्षीदाराने पाहिली होती ती एक आकृती. नाव सकाळी पारावर ऐकले होते आणि दोहोंची सांगड त्याच्या मनाने घातली होती. तो खोटे बोलत नव्हता. पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले यांतला भेद त्याला कधी कोणी शिकवला नव्हता, एवढेच.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. त्याच्या सांगण्यावरून मोटर सापडली, तर तेवढ्याच शोधाशी संबंधित भाग ग्राह्य धरता येतो. वृत्तपत्रात ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ असे वाचून निकाल लावून मोकळे होणाऱ्या प्रौढांनीही हा तास चुकवू नये.

येथे एका धोक्याचा विचार करावाच लागतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडावरच्या सवाल-जवाबात समोरच्याला निरुत्तर करण्यात रंगत असते, आणि वर्गातील अभिरूप न्यायालय त्याच वळणावर जायला वेळ लागत नाही. विजय तेंडुलकरांच्या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात नेमके हेच घडते. न्यायालय कसे चालते हे एका साध्या ग्रामस्थाला कळावे म्हणून आरंभलेला खेळ बघता बघता एका शिक्षिकेची शिकार होऊन बसतो. रंगमंचाबाहेरही तसे घडले आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत अत्याचार झालेल्या मथुरा या आदिवासी मुलीच्या खटल्यात तिच्या पूर्वायुष्याचीच झडती झाली. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले पोलीस १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तर वकिलाचा प्रश्न बालकाला थेट विचारण्याऐवजी न्यायाधीशामार्फत विचारण्याची तरतूद केली. हा इतिहास न सांगता मुलांच्या हाती उलटतपासणी देणे म्हणजे म्यान न देता तलवार देणे होय. म्हणून आज ज्याने वकिली केली त्याने पुढल्या आठवड्यात पिंजऱ्यात उभे राहावे. आणि कृपा करून या उपक्रमाला फिरती ढाल ठेवू नये.

मुले अशाने कज्जेदलाल होतील, ही शंका घेतली जाईल. खरे तर कज्जेदलाल पोसला जातो तो इतरांच्या अज्ञानावर. शालान्त परीक्षेच्या घाईत वेळ कोठून काढायचा, हा आक्षेप अधिक खरा आहे. त्याला वर्षातून सहा तास एवढेच उत्तर देता येईल. अभ्यासक्रमात नवा विषय घुसवण्याचे कारण नाही. तालुका विधी सेवा समित्यांनी व्याख्यानाऐवजी एखादा वकील या सहा तासांसाठी द्यावा. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाने आश्रमशाळांपासून आरंभ केला तर उत्तमच, कारण तेथील मुलांना मराठीत आपले म्हणणे मांडताना मागे सारले जाण्याचा अनुभव लवकर येतो. ज्यूरीची पद्धत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उरली नाही. तेव्हापासून सामान्य नागरिक फौजदारी न्यायालयात येतो तो फिर्यादी, आरोपी, पंच वा साक्षीदार म्हणून. या चारही भूमिका पूर्वतयारीवाचून अंगावर येतात.

अपवाद सोडले तर न्यायालय कायद्याने खुले आहे. एखाद्या सकाळी वर्गाने न्यायाधीशांच्या परवानगीने मागच्या बाकांवर बसून एक सरतपासणी ऐकावी, याला अडचण कोणती? आज त्या बाकांवर तारखेला आलेले पक्षकार, त्यांचे नातेवाईक आणि आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहणारे साक्षीदार तेवढे बसलेले असतात.