दोरी कोण ओढतं?

मागच्या वेळी आपण 'सवय म्हणजे काय' इथवर आलो होतो. आज तोच विषय जरा रस्त्यावर नेऊ. सकाळी कुत्रा फिरवणारा माणूस तुम्ही रोज बघता. पुढे कुत्रा, मधे ताणलेली दोरी आणि मागे जवळजवळ धावणारा मालक. बघणारा हमखास विचारतो, "काय काका, कोण कोणाला फिरवतंय?" प्रश्न चेष्टेचा असला तरी आपण तो गंभीरपणे घेऊ.

कुत्रा ओढतो का? लोक सांगतात, त्याला घरात वरचढ व्हायचं असतं, त्याला धाक दाखवा. खरी कारणं बरीच साधी आहेत. एक म्हणजे, त्याची सहज चाल आपल्यापेक्षा जलद असते. दुसरं, पुढच्या खांबापाशी त्याला वासाचं अख्खं वर्तमानपत्र वाचायचं असतं. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं, ओढलं की तिथे पोचता येतं!

हे तिसरं कारण नीट बघा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर तो पेटीत ठेवी, अन्न बाहेर. धडपडताना कधीतरी कळ दाबली जाई किंवा दोरी ओढली जाई, की दार उघडे. पुन्हा पुन्हा ठेवल्यावर मांजर लवकर लवकर बाहेर येऊ लागलं. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती टिकते. यालाच पुढे 'परिणामाचा नियम' म्हणू लागले. आता हाच नियम दोरीला लावा. कुत्र्याने ओढलं, आपण एक पाऊल पुढे गेलो. झालं, बक्षीस मिळालं. म्हणजे ओढायला आपणच शिकवतो, तेही पावलागणिक.

मग उलट शिकवायचं कसं? सुरुवात घरात किंवा गच्चीवर करायची. दोरी साधी, दीड-दोन मीटरची असावी. बटण दाबून लांबणारी, आपोआप गुंडाळणारी दोरी नको. ती कायम थोडी ताणलेलीच असते, आणि ओढलं की लांबते. म्हणजे चुकीचाच धडा! गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवर कडी असलेला हार्नेस बरा, कारण गळ्यावर दाब येत नाही. खिशात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे ठेवा. कुत्रा आपल्या बाजूला, दोरी सैल ठेवून चालला की लगेच शाब्बास म्हणून तुकडा द्यायचा, तोही आपल्या पायाशी. पुढे हात करून दिला तर तो पुढेच जाणार.

रस्त्यावर दोरी ताणली, की थांबायचं. हिसका नाही, ओरडणं नाही. खांबासारखं उभं राहायचं. तो वळून बघेल, एक पाऊल मागे येईल, दोरी सैल होईल. त्या क्षणी चालू लागायचं. आणि सैल दोरीने खांबापर्यंत आला, की मनसोक्त वास घेऊ द्यायचा. तेच त्याचं मोठं बक्षीस. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

इथे एक धोका आहे. पहिले काही दिवस तो जास्तच ओढेल, कारण जुना उपाय एकदम का चालेना, हे त्याला उमगत नाही. आपण नऊदा थांबलो आणि दहाव्यांदा, उशीर होतोय म्हणून, ओढला गेलो, तर? कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने सवय आणखी चिवट होते. बी. एफ. स्किनरने हे प्रयोगांनी दाखवलंय. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा.

आता आमचीच गोष्ट. मुलगा परदेशी गेला आणि त्याचा लॅब्रॅडॉर आमच्याकडे राहिला. दोन वर्षं आम्ही दोरीला हिसके देत होतो. तो खोकायचा, आणि तरीही ओढायचा. एका सकाळी मांजर आडवं गेलं, आम्ही पडलो, मनगट प्लास्टरमध्ये. सगळे म्हणाले, "आता या वयात नको, देऊन टाका कुणाला तरी." जवळजवळ ठरलंच होतं. प्लास्टरमधला हात घेऊन बसलेले असताना लक्षात आलं, की शिक्षक आम्ही, आणि घर सुटणार विद्यार्थ्याचं!

हात बरा झाल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जायला अर्धा तास लागला. ॲरिस्टॉटल सांगतो, न्यायाची कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. धीराचंही तसंच असतं, हे मात्र त्या कोपऱ्यावर उभं राहून कळलं.

कुत्रा आमच्याकडेच आहे. आजही मांजर दिसलं की दोरी ताणते. मग आम्ही थांबतो. तो वळून बघतो. आणि दोघं पुढे निघतो.