सुपासारखा कान

भडगावच्या बाजूला हत्तीचा कान कसा असतो असं विचारलं, तर उत्तर येणार: सुपासारखा. खळ्यावर वारा बघून सूप धरणाऱ्या बाईला दुसरी उपमा कशाला सुचेल? गंमत अशी, की हीच उपमा दोन जुन्या ग्रंथांत आहे. एक पालीतला, एक मराठीतला, आणि दोघांचं तत्त्वज्ञान एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

मराठी ग्रंथाची वाट भडगाव तालुक्यातूनच जाते. तालुक्यातलं कनाशी हे महानुभावांचं तीर्थ. या पंथाच्या स्थानांवर ओटा असतो. तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जिथे बसले ते आसन, जिथे रात्र काढली ती वसती. देहधर्माला गेले ती जागासुद्धा ‘परिश्रय’ म्हणून नोंदलेली. अशा जागांची यादी देणारी ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्यांनी स्वामींचे बोल हवेत सोडले असते तरच नवल. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून पंथातल्या म्हाइंभटांनी आठवणी जमवल्या, ते ‘लीळाचरित्र’. त्यातली वचनं केसोबासांनी वेगळी काढली, तो ‘सूत्रपाठ’. आणि स्वामींनी सांगितलेल्या 114 गोष्टींचा ‘दृष्टांतपाठ’. केसोबास संस्कृतात लिहिणारे पंडित. पण स्वामींनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना बजावलं, की संस्कृतात लिहाल तर आमच्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. हे पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे.

दृष्टांतपाठाचा घाट तीन पायऱ्यांचा. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी केसोबासांनी उकललेला अर्थ, म्हणजे दार्ष्टांतिक. त्यातली हत्तीची गोष्ट शाळेतल्या पुस्तकांमुळे घरोघरी पोचली. गावात हत्ती येतो, जात्यंध त्याला चाचपतात. (जात्यंध म्हणजे जन्मांध. आज वर्तमानपत्रात हा शब्द भलत्याच अर्थाने येतो, तोही फार चुकीचा नव्हे.) पाय धरलेला म्हणतो हत्ती खांबासारखा, कान धरलेला म्हणतो सुपासारखा. मग एक डोळस सांगतो, बाबांनो, हे सगळे एकाच हत्तीचे अवयव.

आता पालीतला ग्रंथ, बौद्धांचं ‘उदान’. श्रावस्तीत वेगवेगळ्या मतांचे श्रमण आणि ब्राह्मण भांडत असतात: जग शाश्वत की अशाश्वत? भिक्षू ते बुद्धांच्या कानावर घालतात, आणि बुद्ध गोष्ट सांगतात. एक राजा नगरातले जन्मांध गोळा करून त्यांना हत्ती दाखवतो. डोक्याला हात लागला त्याला तो घागर वाटतो, सुळ्याला लागला त्याला नांगराचा फाळ, पायाला लागला त्याला खांब, कानाला लागला त्याला सूप. नांगर, सूप, उखळ, मुसळ, केरसुणी... एका शेतकऱ्याच्या घरातलं सामान त्या हत्तीवर लादलेलं आहे. मग ते आंधळे गुद्द्यांवर येतात. राजा खूश होतो. गोष्ट संपली.

इथे डोळस माणूस येऊन हत्ती जोडून देत नाही. राजाला दिसतं, पण त्याला करमणूक हवी आहे. माझ्या मते दोन दर्शनांतलं अंतर या एका पात्रात मावतं. महानुभावांच्या मांडणीत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आणि अनादि आहेत. जीव स्वतःच्या बळावर सुटत नाही. परमेश्वराने अवतार घ्यावा, ज्ञान द्यावं, तेव्हा सुटका. म्हणून गोष्टीत कुणीतरी डोळस यावाच लागतो. बुद्धांच्या गोष्टीत सगळा रोख भांडणावर आहे: एक बाजू हाती लागली की माणूस तिला चिकटतो. सोडवणारा वरून येत नाही, चिकटणं ज्याचं त्याने सोडायचं. जैनांनी हाच हत्ती अनेकांतवादासाठी वापरला. त्यांच्याकडे प्रत्येक आंधळा थोडा बरोबर ठरतो.

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. चौथ्या लेण्याच्या जोत्याला नऊ हत्ती ओळीने कोरलेले आहेत, जणू विहाराचा भार पाठीवर घेऊन उभे. पुढे कुणी चक्रधर होतील आणि हीच गोष्ट मराठीत सांगतील, हे त्या पाथरवटांना कुठून ठाऊक असणार? नऊही हत्ती समोरून दिसतात: डोकं, सोंड, सुपासारखे कान, पुढचे पाय. बाकीचा हत्ती डोंगरात.